वारस कोणाचा? : राणी ॲडलेड आणि बाकाबाई भोसले



१८१७ सालच्या नोव्हेंबर महिन्यापासून सुरुवात करतो. त्या महिन्याच्या २६ तारखेला संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा धडधडू लागल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नागपूरच्या राज्याचे भवितव्य ठरून गेले. ही तारीख आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही सांगता येते. त्याआधी वीस दिवस, ६ नोव्हेंबरला, इंग्लंडमध्ये एक मृत्यू झाला होता. युवराजांची एकुलती एक मुलगी शार्लट बाळंतपणात गेली. बाळही मृतच जन्मले. ती अवघी एकवीस वर्षांची होती आणि इंग्लंडचे सिंहासन पुढे तिच्याकडे जायचे होते.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी मी त्या शेजारी ठेवतो आहे. पुढची छत्तीस वर्षे लंडनमध्ये आणि नागपुरात एकच प्रश्न राजवाड्यांना छळत राहिला: गादीला वारस कोण? लंडनने तो आपल्यासाठी एका न्यायाने सोडवला आणि नागपूरसाठी दुसऱ्याच. हे नीट समजल्याशिवाय नागपूरच्या राणी बाकाबाईंबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही, असे मला वाटते.

आधी लंडनकडे जाऊ. शार्लट गेली तेव्हा तिचे आजोबा, राजे तिसरे जॉर्ज, वेडाच्या आजाराने ग्रासलेले होते. त्यांची बारा मुलेमुली हयात होती. सात मुलगे, पाच मुली, सगळी चाळिशीच्या आसपासची किंवा त्यापुढची. इतक्या मोठ्या गोतावळ्यात औरस नातवंड मात्र एकही उरले नव्हते. मग एकच धावपळ सुरू झाली. पन्नाशीला आलेल्या राजपुत्रांसाठी जर्मनीतल्या छोट्या छोट्या संस्थानांत मुली पाहिल्या जाऊ लागल्या. मुलगी प्रॉटेस्टंट हवी, राजघराण्यातली हवी आणि मूल होण्याच्या वयाची हवी.

अशी एक मुलगी होती ॲडलेड. सॅक्स-मायनिंगेन हे तिच्या माहेरचे संस्थान. ती पंचवीस वर्षांची, आणि नवरा विल्यम, क्लॅरन्सचा ड्यूक, बावन्न वर्षांचा. डोरोथिया जॉर्डन या अभिनेत्रीबरोबर त्याने वीस वर्षे संसार केला होता आणि त्यांना दहा मुले होती. कायद्याच्या दृष्टीने ती मुले वारस नव्हती. ॲडलेड जुलै १८१८ मध्ये लंडनला आली, नवऱ्याला पहिल्यांदा पाहिले आणि आठवडाभरातच लग्न लागले. त्याच मांडवात विल्यमचा धाकटा भाऊ एडवर्ड याचेही लग्न झाले. एडवर्डची वधू व्हिक्टोरिया हीसुद्धा जर्मन राजकन्या. तिचे पहिले लग्न लायनिंगेनच्या राजाशी झाले होते. तो १८१४ मध्ये वारला होता आणि पदरी दोन मुले होती. विधवेने दुसरे लग्न करावे, तेही इंग्लंडच्या राजपुत्राशी, यात तिथे कोणाला काही वावगे वाटले नाही. उलट तिला आधीची मुले आहेत म्हणजे पुढेही होतील, हा तिच्या बाजूचा मुद्दा होता.

ॲडलेडच्या वाट्याला काय आले? मार्च १८१९ मध्ये पहिली मुलगी झाली आणि काही तासांत गेली. डिसेंबर १८२० मध्ये दुसरी झाली, एलिझाबेथ. ती जेमतेम तीन महिने जगली. १८२२ मध्ये जुळी झाली, तीही मृत. त्यानंतर मूल झाले नाही. जून १८३० मध्ये विल्यम राजा झाला आणि ॲडलेड राणी झाली. ज्या कामासाठी तिला मायनिंगेनहून आणले होते ते तिच्या हातून झाले नाही, आणि ही सल तिने आयुष्यभर बाळगली असणार. तरी तिने नवऱ्याच्या त्या दहा मुलांना घरात मायेने वागवले, आणि जावेच्या मुलीवर, छोट्या व्हिक्टोरियावर, पोटच्या लेकीसारखा जीव लावला. १८३७ मध्ये विल्यम वारला आणि अठरा वर्षांची ती पुतणी गादीवर बसली. राणी निपुत्रिक राहिली म्हणून इंग्लंडचे राज्य कोणी खालसा केले नाही. भावाची मुलगी आली आणि राज्य चालू राहिले.

आता आपल्या गावात येऊ.

नागपूरच्या भोसल्यांच्या उत्कर्षातही लग्नांचा वाटा होताच. पहिले रघुजी हे शाहू महाराजांचे साडू. दोघांच्या बायका शिर्के घराण्यातल्या. त्या नात्याने रघुजींना साताऱ्याच्या दरबारात वजन आले. देवगडच्या गोंड राजाच्या, चांद सुलतानाच्या, मृत्यूनंतर १७३९ मध्ये वारसाचा तंटा झाला. त्याच्या विधवा राणीने, रतनकुंवरने, रघुजींना मदतीला बोलावले आणि त्यातून भोसल्यांचा नागपुरात जम बसला. म्हणजे भोसल्यांचे नागपूरही एका विधवेच्या आणि वारसाच्या प्रश्नातूनच उभे राहिले. हे विसरू नये.

बाकाबाई या दुसऱ्या रघुजींच्या राणी. दुसऱ्या रघुजींनी १८०३ मध्ये असई आणि अडगाव इथे इंग्रजांशी लढून हार पत्करली. देवगावच्या तहात त्यांनी कटक गमावले, वऱ्हाड गमावले. पण एक गोष्ट त्यांनी मरेपर्यंत मान्य केली नाही: तैनाती फौज, म्हणजे आपल्या राज्यात आपल्या खर्चाने इंग्रजांचे सैन्य ठेवणे. एल्फिन्स्टन नागपुरात इंग्रजांचा रेसिडेंट होता, त्याच्यानंतर जेंकिन्स आला. दोघांनीही प्रयत्न केले, पण रघुजी बधले नाहीत. मार्च १८१६ मध्ये ते वारले तेव्हा नागपुरात ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज नव्हती.

मागे राहिला मुलगा परसोजी. शरीराने आणि बुद्धीने तो दुबळा होता, राज्य चालवण्याच्या अवस्थेत नव्हता. त्याच्या नावाने कारभार कोणी पाहायचा, हा तिढा होता. एका बाजूला बाकाबाई होत्या आणि त्यांच्यासोबत रघुजींचा दासीपुत्र धर्माजी, ज्याच्या हाती खजिना होता. दुसऱ्या बाजूला रघुजींचे पुतणे मुधोजी, ज्यांना आपण आप्पासाहेब म्हणतो. आप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केले आणि पुढे तो मारला गेला. आणि आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून त्यांनी रेसिडेंटशी गुप्त बोलणी केली. मे १८१६ च्या अखेरीस, रात्रीच्या वेळी, तैनाती फौजेचा तह झाला.

इथे मी थोडा थांबणार आहे. ज्या तहाला दुसऱ्या रघुजींनी तेरा वर्षे नकार दिला तो त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या सुमारास झाला, आणि तो बाकाबाईंनी केला नाही. तो आप्पासाहेबांनी केला, आणि बाकाबाईंच्या पक्षाला शह द्यावा हे त्यातले एक मोठे कारण होते. इंग्रजांना नागपूरचा दरवाजा कोणी उघडला, असे विचाराल तर कागदपत्रांतले उत्तर हे आहे. आप्पासाहेबांनी पुढे त्याची किंमत मोजली. सीताबर्डीला लढले, पकडले गेले, १३ मे १८१८ रोजी जबलपूरच्या वाटेवर रायचूरच्या मुक्कामातून शिपायाच्या वेशात निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने राहिले, उत्तरेत भटकले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. त्यांच्या शौर्याबद्दल आणि हालअपेष्टांबद्दल मला आदर आहे. पण १८१६ चा तह त्यांच्या नावावरच राहतो.

तहानंतर वर्षभराच्या आत आणखी एक काळे पान आहे. १ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी परसोजी अंथरुणात मृत आढळला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला गेले होते. मृत्यू नैसर्गिक आहे असे आधी सांगितले गेले. वर्षभराने चौकशी झाली तेव्हा गळा दाबून मारल्याचे निष्पन्न झाले. परसोजीची एक राणी काशीबाई त्याच्याबरोबर सती गेली. शुक्रवारीच्या भागात भोसल्यांच्या समाध्यांजवळ काशीबाईचे देऊळ आजही आहे आणि लोक तिथे हात जोडतात.

जी जळाली तिला देऊळ मिळाले. जी जगली तिला काय मिळाले, ते आपण पुढे पाहू.

बाकाबाई सती गेल्या नाहीत. नवरा गेला, वर्षभरात परसोजी गेला, सोबतचा धर्माजी मारला गेला, आणि ज्याच्या हाती हा सगळा खेळ गेला तो पुतण्या राजा होऊन गादीवर बसला. नोव्हेंबर १८१७ मध्ये लढाई झाली. डिसेंबरात शहर पडले. जुम्मा दरवाजा, ज्याला आज आपण गांधी गेट म्हणतो, त्याच्यापाशी अरब शिपायांनी कंपनीचा हल्ला परतवला होता, पण महिनाअखेरीस त्यांनाही शहर सोडावे लागले. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना कैद झाली. गादी रिकामी झाली आणि ती कोणाला द्यायची हे आता जेंकिन्स ठरवणार होता.

उपाय निघाला तो असा. दुसऱ्या रघुजींची मुलगी बनूबाई गुजर घराण्यात दिली होती. तिचा मुलगा बाजीबा, वय नऊ-दहा वर्षे. परसोजीची विधवा दुर्गाबाई हिच्या मांडीवर त्याला दत्तक देण्यात आले आणि २६ जून १८१८ रोजी तो तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसला. राजवाड्याचा कारभार आणि लहान राजाची देखभाल बाकाबाईंकडे आली. राज्याचा खरा कारभार जेंकिन्सने आपल्या हाती ठेवला आणि तो १८२६ पर्यंत चालवला.

या बंदोबस्तात बाकाबाईंनी इंग्रजांना मान्यता दिली हे खरे आहे. पण त्या जागी दुसरे काय करता आले असते? सैन्य नव्हते. पेशवाई त्याच महिन्यात संपली होती, बाजीरावाने जूनच्या सुरुवातीलाच शस्त्रे खाली ठेवली होती. होळकर महिदपूरला हरले होते. शिंदे गप्प होते. हाती होता तो नवऱ्याच्या रक्ताचा एक नातू आणि त्याला गादीवर बसवण्याची एक संधी. ती त्यांनी घेतली आणि पस्तीस वर्षे ते घराणे गादीवर राहिले.

लंडनमध्ये त्याच उन्हाळ्यात, त्याच जुलैच्या तोंडावर, ॲडलेडच्या लग्नाची तयारी चालली होती. इंग्लंडला मूल हवे होते म्हणून जर्मनीतून सून आणली. नागपूरला मूल हवे होते म्हणून मुलीचा मुलगा दत्तक घेतला. दोन्ही उपाय वंश चालू राहावा यासाठीच होते आणि दोन्ही इंग्रजांनी मान्य केले. लक्षात घ्या, १८१८ मध्ये विधवेने नवऱ्याच्या मागे दत्तक घेतला आणि इंग्रजांनी त्याला राजा मानले.

पस्तीस वर्षांनी, ११ डिसेंबर १८५३ रोजी, तिसरे रघुजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्या राण्यांत अन्नपूर्णाबाई वडील. घराण्याच्या नात्यातला तरुण यशवंतराव अहेरराव याने क्रियाकर्म केले आणि त्यालाच दत्तक घ्यायचे हे बाकाबाईंनी आणि राण्यांनी ठरवले. तोच मार्ग, त्याच धर्मशास्त्राच्या आधाराने, ज्याला १८१८ मध्ये जेंकिन्सने होकार दिला होता.

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने या वेळी नकार दिला. राज्य १८१८ मध्ये आम्हीच दिले होते, वारस नाही म्हणून ते परत आमच्याकडे आले, असे त्याचे म्हणणे. २८ जानेवारी १८५४ च्या आपल्या टिपणात त्याने प्रदेशाचा हिशेब मांडला आहे: सुमारे ८० हजार चौरस मैल मुलूख, वर्षाचे ४० लाख रुपये उत्पन्न, ४० लाखांहून अधिक लोक. कापसाचाही उल्लेख आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीत पिकत होता. डलहौसीच्याच कौन्सिलातले कर्नल जॉन लो यांनी याला लेखी विरोध केला. नागपूरचे रेसिडेंट मॅन्सेल यांनीही भोसल्यांचे घराणे पुरते बाजूला सारू नये असे सुचवले. दोघांचेही ऐकले गेले नाही. मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले.

पुढे जे झाले त्याबद्दल बोलताना अजूनही राग येतो, आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल बाहेर काढून सीताबर्डीला विकले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. राण्या घरात असताना वाड्यातले सामान उचलले जाऊ लागले. तेव्हा बाकाबाईंनी निरोप पाठवला की सामान हलवाल तर मी वाड्याला आग लावीन. ही गोष्ट आपल्या बखरकाराने नव्हे, जॉन के या इंग्रज इतिहासकाराने शिपायांच्या उठावाच्या इतिहासात नोंदवली आहे. राज्य घेतल्याने जितके मन दुखावले नाही तितके या लिलावाने दुखावले, असेही तो लिहितो. ज्या बाईला इंग्रजांची बाहुली म्हटले जाते, तिच्या तोंडी हे शब्द आहेत. वय तेव्हा सत्तरीच्या पुढचे होते.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात हे घडले. तीच व्हिक्टोरिया, जी काकाला औरस मूल नव्हते म्हणून गादीवर बसली.

आता १८५७. बाकाबाईंवर सर्वांत मोठा ठपका याच वर्षाचा आहे. जूनमध्ये टाकळीच्या घोडदळात उठावाची तयारी झाली, ती १३ जूनला फसली, आणि पुढे काहींना फाशी झाली. त्या वेळी बाकाबाईंनी आपल्या माणसांना स्पष्ट बजावले की कोणी गडबड केली तर मी स्वतः त्याला इंग्रजांच्या हवाली करीन. नागपूरच्या मराठा सरदारांत आणि शहरात त्यांचा शब्द चालत होता. शहर शांत राहिले आणि इंग्रजांनी ते ऋण मानले.

मी याला शौर्य म्हणणार नाही. फाशी गेलेल्या शिपायांच्या बाजूने विचार केला तर हा निर्णय काळजाला लागतो, आणि तसा लागला पाहिजे. पण पंचाहत्तरीच्या घरातल्या त्या बाईसमोर काय होते? १८१७ मध्ये लढाई हरल्यावर शहराचे काय होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. दत्तकाचा अर्ज अजून मनात जिवंत होता. उठावात घराणे अडकले तर उरलेसुरले तेही जाईल, हे त्यांना दिसत होते. त्यांनी घराणे वाचवले, आणि बदल्यात बंड बुडू दिले. याला देशद्रोह म्हणायचे असेल तर आधी हे सांगावे लागेल की १८५७ च्या जूनमध्ये नागपुरात कोणता देश उभा होता ज्याच्याशी त्यांनी द्रोह केला. राज्य तर तीन वर्षांपूर्वीच बुडाले होते, आणि तेव्हा त्यांच्या मदतीला कोणी आले नव्हते.

सप्टेंबर १८५८ मध्ये बाकाबाई वारल्या. १८५७ मधल्या त्यांच्या वागण्याची दखल म्हणून पुढे लॉर्ड कॅनिंगच्या काळात यशवंतरावाचे दत्तकविधान मानण्यात आले, त्याला जानोजी हे नाव आणि देऊरचे राजाबहादूर हा किताब मिळाला. देऊर हे सातारा भागातले भोसल्यांचे जुने गाव. ८० हजार चौरस मैलांच्या राज्याच्या बदल्यात एवढे हाती आले. तरी हिशेब करा. १८५४ मध्ये जो दत्तक नाकारला होता, तो बाकाबाई मेल्यानंतर का होईना, त्यांच्याच पुण्याईवर मान्य झाला. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी त्या झगडल्या ती अशी अर्धीमुर्धी पदरात पडली.

आणि मग मारबत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने पुतळे निघतात: इतवारीतून काळी मारबत, जागनाथ बुधवारीतून पिवळी. इथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर लाखो माणसे जमतात, वाईट गोष्टींचे पुतळे म्हणजे बडगे निघतात, आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी उठते. ही परंपरा १८८० च्या दशकाच्या तोंडावर नागपुरात सुरू झाल्याचे सांगतात. काळी मारबत म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना फितूर झालेली राणी, असे आपण मुलांना सांगत आलो. पुतना मावशी म्हणूनही तिला ओळखतात. विदर्भातल्या गावोगावी मारबत काढण्याची चाल आहे, रोगराई गावाबाहेर घालवण्यासाठी. त्या गावांत बाकाबाईंचा कोणाला पत्ताही नसतो. मला वाटते, चाल जुनी आहे आणि बाकाबाईंचे नाव तिला नागपुरात नंतर चिकटले. का चिकटले हे समजणे अवघड नाही. हरलेल्या शहराला कोणावर तरी राग काढायचा असतो. आप्पासाहेब परागंदा होऊन गेले, त्यांच्यावर तो काढता येत नव्हता. डलहौसीचा पुतळा जाळायची त्या काळी हिंमत नव्हती. मागे राहिली ती एक म्हातारी विधवा, जी जिवंत राहण्याचा गुन्हा करून बसली होती.

त्याच दिवशी, ज्या दिवशी मारबत जळते, नागपुरात तान्हा पोळा असतो. लहान लेकरे लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजींनी सुरू केला असे आपल्याकडे सांगतात. म्हणजे एकाच दिवशी नवऱ्याच्या नावाने लेकरांचा सण आणि बायकोच्या नावाने दहन. आपल्याच लकडगंजच्या लाकूडबाजारातून त्या नंद्यांचे लाकूड कित्येकदा जात असेल. हा विरोधाभास डोळ्यांसमोर असताना आपण इतकी वर्षे तो पाहिला कसा नाही, याचा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

ॲडलेडबद्दल एक गोष्ट राहिली. ऑस्ट्रेलियात १८३६ मध्ये वसवलेल्या एका शहराला तिचे नाव दिले, ॲडलेड. जिला वारस देता आला नाही तिच्या नावाने एक शहर उभे आहे. वारसासाठी चाळीस वर्षे जिने जिवाचे रान केले तिच्या नावाने आपण दरवर्षी पुतळा जाळतो.

मारबत बंद करा असे मी म्हणत नाही. ती काढावी, वाजतगाजत काढावी. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई यांचे बडगे जरूर काढावेत. फक्त त्या काळ्या मूर्तीला बाकाबाई म्हणणे आपण सोडून द्यावे. मिरवणुकीत ते नाव पुकारू नये, वर्तमानपत्रांनी दरवर्षी तीच कथा छापू नये, आणि शिक्षकांनी वर्गात ती सांगू नये. शुक्रवारीतल्या भोसल्यांच्या समाध्यांजवळ बाकाबाईंचे नाव, १८१८ चा दत्तक, राज्य खालसा झाल्यानंतरचा लिलाव आणि त्यांचे ‘वाड्याला आग लावीन’ हे उत्तर सांगणारा एक फलक महापालिकेने लावावा, अशी माझी या व्यासपीठावरून विनंती आहे. आजच्या सभेतल्या नागरिकांनी सह्या केल्या तर अर्ज लिहून द्यायला मी तयार आहे.